दोन त्रैराशिके आणि मधले २२५

१८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा, मोजक्या पानांचा लेख छापून आला. लेखक होते काशीच्या संस्कृत कॉलेजात गणित-ज्योतिष शिकवणारे मराठी पंडित बापूदेव शास्त्री. भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व ठाऊक होते, असा त्यांचा दावा होता आणि आधार होता ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या ग्रहाच्या तात्कालिक गतीचा. तेव्हापासून या दाव्याभोवती दोन तट आहेत. न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी सगळे आपल्याकडे होते म्हणणारा एक, आणि हे सगळे मागाहून चिकटवलेले म्हणणारा दुसरा. दोन्हीकडे मूळ भाष्य उघडून पाहण्याचा उत्साह बेताचाच दिसतो.

माझा प्रश्न त्याहून लहान आहे. बारावीला ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत क्लासच्या फळ्यावर जो ‘साखळी नियम’ लिहिला जातो, तो या ग्रंथात सापडतो का? सापडत असेल तर नेमका कुठे? नियम थोडक्यात असा. एक राशी दुसरीवर अवलंबून आहे आणि दुसरी काळावर. तर पहिलीचा काळाच्या हिशेबाने बदलण्याचा दर म्हणजे पहिलीचा दुसरीच्या हिशेबाने दर, गुणिले दुसरीचा काळाच्या हिशेबाने दर. मुले हा गुणाकार अर्धवट सोडतात. ज्येची (साइनची) कोटिज्या (कोसाइन) करतात आणि आतल्या राशीचा दर लिहायला विसरतात. पेपर तपासणाऱ्याला ही चूक पाठ असते.

आधी कागदपत्रांची खातरजमा करू. ग्रंथाचा काळ निश्चित आहे. आपला जन्म शके १०३६ चा आणि ग्रंथ छत्तिसाव्या वर्षी रचला, असे भास्कराचार्य स्वतःच सांगतात. म्हणजे शके १०७२, इ.स. ११५०. त्यावर त्यांनी स्वतःच ‘वासनाभाष्य’ हे गद्य भाष्य लिहिले, आणि आपल्या दृष्टीने खरा ऐवज तोच. श्लोकात फक्त कृती असते. ती कृती का, हे कर्त्याने स्वतः सांगितलेले असणे ही जुन्या गणितात मोठी चैन आहे.

आता ‘ग्रहगणित’ भागातल्या स्पष्टाधिकाराकडे. मध्यम चंद्र रोज सारख्या गतीने चालतो असे धरतात. खरा चंद्र कधी त्याच्या पुढे, कधी मागे. हा फरक म्हणजे मंदफल. ते मंदकेंद्राच्या ज्येवर अवलंबून असते आणि मंदकेंद्र म्हणजे चंद्र आणि त्याचे मंदोच्च (कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू) यांतले अंतर. हे अंतर रोज वाढते. म्हणजे फल ज्येवर, ज्या केंद्रावर आणि केंद्र काळावर, अशी अवलंबित्वाची तीन कड्यांची माळ समोर आहे. ती तशी आहे एवढ्याने कुणाला साखळी नियम माहीत होता असे ठरत नाही. माळ आकाशात असते. ती गणितात कशी धरली, हे पाहायचे.

भास्कराचार्यांच्या आधीची रीत अशी. एका पादाचे, म्हणजे ९० अंशांचे, २४ भाग, प्रत्येकी २२५ कलांचे. त्रिज्या ३४३८ कला. कोष्टकातल्या ज्या २२५, ४४९, ६७१ अशा चढत शेवटी ३४०९, ३४३१, ३४३८ वर थांबतात. लगतच्या दोन ज्यांमधला फरक म्हणजे भोग्यखंड. ग्रह ज्या खंडात असेल त्याचे भोग्यखंड घ्यायचे आणि त्रैराशिक मांडायचे: २२५ कलांत ज्या एवढी बदलते, तर केंद्राच्या दिवसाच्या गतीत किती? ब्रह्मगुप्ताची गणना या वळणाची आहे. तिच्यातली खोट उघड आहे. संपूर्ण २२५ कलांच्या पट्ट्यात ज्येचा दर एकच धरला जातो आणि पट्टा संपला की दर एकदम उडी मारतो. चंद्र मात्र उड्या मारत नाही.

‘वासनाभाष्या’त इथे आणखी एक त्रैराशिक येते आणि ते जुन्या त्रैराशिकाच्या आधी बसते. पादाच्या आरंभी कोटिज्या त्रिज्येएवढी असते आणि भोग्यखंड २२५ असते. कोटिज्या जसजशी घटते तसतसे खंडही घटते. म्हणून, कोटिज्या ३४३८ असताना खंड २२५, तर इष्ट कोटिज्येला किती? उत्तर आले त्या जागेचे, त्या क्षणाचे भोग्यखंड. मग जुने त्रैराशिक: २२५ कलांना एवढे, तर केंद्रगतीला किती? पहिल्यात २२५ ने गुणले, दुसऱ्यात २२५ ने भागले. गुणक आणि भाजक सारखे म्हणून दोन्ही गेले, असे भाष्यकार स्वच्छ नोंदवतात. उरते ते कोटिज्या गुणिले केंद्रगती, भागिले त्रिज्या. पुढे मंदपरिधीचे, म्हणजे मंदफल ठरवणाऱ्या लहान वर्तुळाच्या परिघाचे, प्रमाण लावले की गतिफल, म्हणजे गतीतली दुरुस्ती, तयार.

भाष्यातली ही जागा वाचताना मला थांबावे लागले. फळ्यावरचा साखळी नियम याच आकाराचा असतो. दोन दर शेजारी लिहितात, मधली राशी एकदा वर येते, एकदा खाली, आणि जाते. फक्त फळ्यावर जाते ती अतिसूक्ष्म राशी, आणि इथे जाते ते ठसठशीत २२५.

पहिले त्रैराशिक कितपत खरे, हे कोष्टकावरच ताडून पाहता येते. तेविसावी ज्या ३४३१. तिच्या आधीचा फरक २२, नंतरचा ७. कोष्टकवाला त्या बिंदूपाशी एकतर २२ म्हणेल नाहीतर ७. तिथली कोटिज्या २२५. भास्कराचार्यांच्या त्रैराशिकाने २२५ गुणिले २२५, भागिले ३४३८, म्हणजे सुमारे १४.७. बावीस आणि सात यांचा मध्य साडेचौदा. उडीच्या ऐन जागी ही रीत उडीच्या मधोमध पडते. हा पडताळा माझा आहे, ग्रंथातला नाही. पण ‘तात्कालिक’ हे नुसते विशेषण नव्हते, एवढे त्यावरून खात्रीने म्हणता येते.

आता आतली राशी. चंद्राची मध्यम दिनगती ७९० कला ३५ विकला. मंदोच्चही सरकते, रोज ६ कला ४१ विकला. म्हणून केंद्रगती ७८३ कला ५४ विकला. चंद्राचा मंदपरिधी ३१ अंश ३६ कला, म्हणजे ३६० अंशांच्या मानाने. उच्चापाशी कोटिज्या त्रिज्येएवढी, तेव्हा गतिफल ६८ कला ४९ विकला, आणि चंद्राची स्पष्ट, म्हणजे खरी, गती ७२१ कला ४६ विकला. समोरच्या टोकाला, नीचापाशी, ८५९ कला २४ विकला. इथे कुणी केंद्रगतीऐवजी चंद्राचीच गती घेतली, म्हणजे उच्चाचे सरकणे विसरला, तर गतिफल ३५ विकलांनी फुगते. बारावीच्या मुलाची चूक ती हीच. कृतीच्या श्लोकात ‘केंद्राची’ गती असे स्पष्ट आहे. आतल्या राशीचा दर आतल्या राशीचाच हवा, हे भान इथे पक्के दिसते.

हा खटाटोप कशासाठी? भाष्यात कारण दिले आहे. आजचा आणि उद्याचा स्पष्ट ग्रह काढून वजा केले की दिवसाची गती मिळते, पण ती स्थूल. चंद्राची गती मोठी आणि क्षणोक्षणी बदलणारी. तिथीचा अंत जवळ असेल तर तात्कालिक गतीनेच तो साधावा, दूर असेल तर स्थूल चालेल. गरज पंचांगाची होती.

श्रेय किती आणि कुणाचे, हे ठरवताना आणखी एक कागद मध्ये येतो. शके ८५४ चे, म्हणजे इ.स. ९३२ चे मुंजालाचे ‘लघुमानस’. अवघ्या साठेक श्लोकांच्या या करणग्रंथात गतिफल कोटिज्येवरून काढायची रीत आहे. भोग्यखंडाऐवजी कोटिज्या ही कल्पना भास्कराचार्यांच्या दोनशे वर्षे आधीची, हे त्यावरून निश्चित. मात्र मुंजाल कारण देत नाही. दोन त्रैराशिकांची जोडणी आणि मधल्या २२५ चे जाणे लेखी दिसते ते ‘वासनाभाष्या’त. रीत मुंजालापर्यंत मागे जाते, उपपत्ती भास्कराचार्यांची.

रीत हाती आल्यावर त्यांनी तिचा उपयोगही केला. फल सर्वांत मोठे असते तिथे गतिफल शून्य असते आणि मध्यम गती हीच स्पष्ट गती, असे ‘गोलाध्याया’त ते मांडतात, आणि ती जागा आधीच्या लल्ल या ज्योतिषाने चुकीची सांगितली असे त्याचे नाव घेऊन म्हणतात. कमाल मूल्यापाशी दर शून्य, हा आजच्या पुस्तकातला पुढचा धडा.

आता सर्वांत मोहात पाडणारा दुवा. ‘लीलावती’त शून्याच्या गणितात नियम आहे: एखाद्या राशीला शून्याने गुणायचे असेल आणि पुढे शून्यानेच भागायचे असेल, तर राशी तशीच ठेवावी. उदाहरणही आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिप्पट केली, शून्याने भागली, त्रेसष्ट आले. उत्तर चौदा. आणि खाली शेरा, की या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे. वाचणारा दचकतोच. गुणक-भाजक सारखे म्हणून जाणे दोन्हीकडे आहे, फक्त एकीकडे २२५ आणि दुसरीकडे शून्य. भास्कराचार्यांच्या मनात २२५ कला आकसत शून्याकडे जात होत्या का? ‘लीलावती’चा शेरा वाचून असे म्हणावेसे वाटते. पण गतीच्या भाष्यात शून्याचा उल्लेख नाही, तिथे २२५ च आहे. दोन जागा जोडणारे वाक्य मधे नाही. म्हणून हा अंदाजच, आणि तो अंदाज म्हणूनच ठेवावा.

या २२५ ने त्यांची एका अडचणीतून आपोआप सुटकाही केली. आजच्या सिद्धतेत मधली राशी छाटताना विचारावे लागते की ती शून्य तर नाही ना. फळ्यावरच्या झटपट सिद्धता नेमक्या इथे लंगड्या पडतात. २२५ ला तो प्रश्नच लागू नाही.

युरोपातला पुरावा कसा आहे? लायब्निझच्या १६७६ च्या टिपणात एका वर्गपदीच्या वर्गमुळाचे अवकलन आहे. मुळाखालच्या राशीला तो एक नवे अक्षर देतो, दोन टप्प्यांत दर काढतो आणि जोडतो. नियम तोच, पण चिन्ह चुकलेले, अधिकच्या जागी उणे. टिपण खासगी होते, त्यामुळे चूकही शाबूत राहिली. ऑयलरच्या पाठ्यग्रंथांत नियम स्वतंत्र विधान म्हणून येत नाही, आणि लाग्रांजच्या १७९७ च्या ग्रंथात तो आजच्या वळणाने मांडलेला दिसतो. म्हणजे वापर आधी, विधान मागाहून, हा क्रम तिकडेही आहे. बापूदेवांच्या लेखाचा निवाडा करताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

तो निवाडा दोनेक वर्षांतच लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम स्पॉटिसवूड या गणितज्ञाने केला. भास्कराचार्यांची कुशाग्रता त्याने मान्य केली, पण अतिसूक्ष्म राशीची कल्पना इथे नाही, म्हणून दावा अतिव्याप्त, असा त्याचा सूर होता. मला दोघांचेही अर्धे पटते. राशी सूक्ष्म करत नेण्याचा विचार भाष्यात लिहिलेला नाही, हे स्पॉटिसवूडचे बरोबर. पण साखळी जोडायला त्याची गरज पडली नाही, दोन त्रैराशिके पुरली, आणि दोघांच्या वादात हा मुद्दा बाजूलाच राहिला.

पुढच्या पिढीत शंकर बाळकृष्ण दीक्षित हे काही काळ ठाण्याच्या मराठी शाळेत शिक्षक होते. १८९६ च्या त्यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाने भास्कराचार्यांना सोन्याने मढवले नाही. ग्रहांची मध्यम माने ब्रह्मगुप्ताची आणि बीजसंस्कार, म्हणजे त्या मानांतली दुरुस्ती, ‘राजमृगांक’ या आधीच्या ग्रंथातला, हे दीक्षितांनी स्पष्ट दाखवले. वर वापरलेला ३१ अंश ३६ कलांचा परिधीही ब्रह्मगुप्ताकडचाच आहे. आकडे उसने आहेत, युक्तिवाद नाही.

मग ही उपपत्ती पुढे शिकवली गेली का? कल्याणहून भुसावळकडे जाणाऱ्या मार्गावर चाळीसगाव लागते. त्याच्याजवळच्या पाटणे इथला शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. यादव राजा सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिले, असे त्यात आहे. शिकवायच्या ग्रंथांत ‘सिद्धान्तशिरोमणी’चे नाव घेतले आहे. म्हणजे ही रीत खानदेशात पाठशाळेच्या अभ्यासात होती हे जवळजवळ निश्चित. पण शिलालेखात दानाचा हिशेब असतो, धड्याचा नाही. पुढचा दुवा मठात सापडत नाही, तो केरळात सापडतो.

भास्कराचार्यांच्या मंदगतीत एक कडी गाळलेली होती. फलाची ज्या आणि फलाचा चाप यांत त्यांनी इथे फरक केला नाही. चंद्राच्या बाबतीत त्याने फार तर सहाएक विकलांचा फरक पडतो, असे माझे गणित सांगते. सुमारे १५०० सालच्या ‘तंत्रसंग्रहा’त नीलकंठ सोमयाजी ही कडी भरून काढतो, चापाचा दर अचूक देतो. आणि ‘ज्योतिर्मीमांसा’ या दुसऱ्या ग्रंथात ही रीत आपली नसून गुरू दामोदर यांची आहे, असे नोंदवतो. दामोदरांचा स्वतःचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. ते आपल्यापर्यंत पोचतात ते शिष्याने दिलेल्या उताऱ्यांतूनच.