कुठला कॉम्प्युटर घेऊ? : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

जून-जुलै आला की नवी मुंबईत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलाला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, आता लॅपटॉप कुठला घेऊ? आयटीत काम करणाऱ्या प्रत्येकाला सोसायटीतले काका हे विचारतातच. मी उलट विचारतो, "त्यावर करणार काय?" मग काका गप्प होतात, आणि ७०-८० हजारांचा गेमिंग लॅपटॉप हप्त्यावर घरी येतो.

आजचा भाग या प्रश्नाच्या इतिहासावर आहे.

सुरुवात कुलाब्यापासून करू. टीआयएफआरने, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, कॉम्प्युटर विकत न घेता स्वतः बांधायचं ठरवलं. रं. नरसिंहन या कामाचे प्रमुख होते. १९५६ मध्ये छोटं प्रायोगिक मशीन चालू झालं, १९६० मध्ये पूर्ण मशीन, आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. मेमरी किती होती? ४० बिटांचे २०४८ शब्द. हिशोब केला तर बरोबर १० केबी! आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

बांधणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण मशीन तयार होईपर्यंत जग पुढे गेलं होतं. शास्त्रज्ञांना आता फोरट्रानसारख्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे होते, मोठी गणितं सोडवायची होती. म्हणून १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आलं. त्याची मेमरी ४८ बिटांच्या ३२,७६८ शब्दांची, म्हणजे टिफ्रॅकच्या जवळजवळ वीसपट. देशभरातल्या संशोधकांनी ते वापरलं. मला विचाराल तर टिफ्रॅक वाया गेलं नाही. ते बांधताना जी माणसं तयार झाली, त्यांना पुढचं मशीन कशासाठी हवंय ते नेमकं सांगता येत होतं.

आता घराच्या आणि दुकानाच्या जवळ येऊ. ८०-९० च्या दशकात आपल्याकडे एक वेगळीच गरज होती, जी परदेशी माहितीपत्रकात कुठेच नसायची. ती म्हणजे मराठी! डॉसच्या काळ्या स्क्रीनवर देवनागरी दिसायची कशी? कानपूरच्या आयआयटीत यावर काम सुरू झालं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. त्यातून मिळालं 'जिस्ट कार्ड'. हे कार्ड कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसवायचं, की वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजीसाठी बनलेल्या प्रोग्रॅममध्येही मराठी चालायची. त्यामागची 'इस्की' ही संकेतपद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिची गंमत म्हणजे भारतीय लिप्यांना सामाईक संकेत, त्यामुळे तोच मजकूर गुजराती लिपीतही दाखवता यायचा.

विंडोज आल्यावर छपाईवाले फॉन्टवर गेले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी घराघरांत नाही, पण डीटीपीच्या दुकानादुकानांत पोचली. इथे निवडीचा अर्थच बदलला. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थेचे अहवाल, सगळं काम एका विशिष्ट फॉन्टमध्ये अडकलेलं. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तो फॉन्ट नसला, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसणार. नवा, वेगवान कॉम्प्युटर समोर आहे, परवडतोय, तरी घेता येत नाही, कारण जुनं कार्ड बसवायला त्यात स्लॉटच नाही! ज्याचं पोट त्या मशीनवर होतं, त्याच्यासाठी प्रोसेसरचा वेग हा सगळ्यात शेवटचा मुद्दा होता. म्हणून काही दुकानांत जुनी डबडी वर्षानुवर्षं चालू राहिली. लोक हसायचे, पण दुकानदाराचं गणित चोख होतं.

घरच्यांची गोष्ट वेगळी. २००१ मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स सुरू झाला, सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं, आणि सरावासाठी घरी कॉम्प्युटर हवा असं वाटू लागलं. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन 'असेंबल' करून आणायचा. मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, कॅबिनेट, प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा विचारायचा. ही पद्धत मला आजही शहाणपणाची वाटते. आज कमी पैशात भागवायचं, दोन वर्षांनी बोनस मिळाला की रॅम वाढवायची. आता कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. त्यामुळे पुढच्या चार वर्षांचा अंदाज दुकानातच करावा लागतो. (काका, हे विचारूनच घ्या.)

आणि मराठीचं काय झालं? विंडोज एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली होती. पण ती आपोआप चालू व्हायची नाही. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग मशीन एक्सपीची सीडी मागायचं. असेंबल केलेल्या कितीतरी कॉम्प्युटरसोबत ती सीडी मिळालेलीच नसायची.