हाताच्या हाडात प्लेट घातली, आता किती वजन उचलता येईल?

हळद शिजवण्याचा किंवा सोयाबीन मळणीचा हंगाम आला की वसमत, कळमनुरी, सेनगाव भागातून हाताला मार लागलेले रुग्ण वाढतात. कुणाचा हात पट्ट्यात सापडलेला असतो, कुणी दुचाकीवरून पडलेला असतो. शस्त्रक्रिया होऊन घरी परतताना बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: "डॉक्टर, आता लोखंड बसवलंय म्हटल्यावर हात पक्का झाला ना? पोतं उचलू का?"

याचे उत्तर "नाही" असे आहे. त्यामागचे कारण समजून घेतले तर काळजी घेणे सोपे जाते.

प्लेट का घालतात?

मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत एका हातात २७ हाडे असतात. त्यांतील ५ तळहाताची आणि १४ बोटांची. हाड जागेवर असेल तर बहुतेक वेळा प्लास्टर किंवा पट्टीने भागते. मूठ वळताना एक बोट दुसऱ्यावर चढत असेल, हाड आखूड झाले असेल किंवा एकाहून जास्त हाडे मोडली असतील, तर तारा किंवा प्लेट-स्क्रूचा विचार होतो. या प्लेट टायटॅनियमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांचे स्क्रू जेमतेम दीड ते अडीच मिलिमीटर जाडीचे असतात.

प्लेटची ताकद कशी तपासतात?

प्रयोगशाळेत कृत्रिम हाडाला किंवा मृत्यूनंतर दान केलेल्या देहातील हाडाला प्लेट बसवतात. मग यंत्राने दोन प्रकारे चाचणी घेतात. पहिल्या प्रकारात हाड वाकेपर्यंत किंवा तुटेपर्यंत जोर वाढवत नेतात. दुसऱ्या प्रकारात कमी जोर हजारो वेळा देतात, कारण आपण बोटे दिवसभर हलवत असतो.

अशा चाचण्यांतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत:

- वाकवणारा जोर सहन करण्यात प्लेट-स्क्रू साधारणपणे तारांपेक्षा सरस ठरतात.
- तळहाताचे हाड मोडल्यावर भेग बहुधा हाताच्या पाठीकडून उघडू पाहते. म्हणून प्लेट बहुतेक वेळा त्याच बाजूला बसवतात.
- हाड ठिसूळ असेल तर ज्यांचे स्क्रू प्लेटमध्येच अडकून बसतात, त्या लॉकिंग प्लेटचा फायदा होतो.

मग वजन का नको?

पोते बांधायची तार एका झटक्यात तुटत नाही, पण तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. प्लेटचेही तसेच आहे. हाड जुळेपर्यंत सगळा ताण तिच्यावर असतो. हाड जुळले की ताण हाड घेते. हाड वेळेत जुळले नाही किंवा त्याआधीच जड काम सुरू केले, तर प्लेट वाकते, तुटते किंवा स्क्रू सैल होतात. मग दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

प्लेट बसवली जाते ती बोटे लवकर हलवता यावीत म्हणून, ओझे उचलण्यासाठी नव्हे. तळहाताचे हाड साधारण ४ ते ६ आठवड्यांत जुळू लागते. जड कामाला बहुधा ३ महिने थांबावे लागते. नेमकी परवानगी एक्स-रे पाहून तुमचे सर्जनच देतील.

सर्वांत मजबूत तेच सर्वांत चांगले का?

नेहमीच नाही. प्रयोगशाळेतल्या हाडाला कातडी, रक्तपुरवठा आणि स्नायूबंध नसतात. प्लेटसाठी जास्त चिरावे लागते. बोटाच्या हाडावर स्नायूबंध अगदी चिकटून असतात, त्यामुळे बोट आखडण्याची भीती राहते. म्हणून तिथे कधी साध्या ताराच योग्य ठरतात. यंत्रात चिरडलेल्या, मळलेल्या जखमेत बाहेरून आधार देणारी चौकट वापरतात. मुंबईचे हस्तशल्यतज्ज्ञ डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली 'जेस' पद्धत त्यासाठी परिचित आहे. "मला प्लेट का नाही घातली?" असे वाटले तर सर्जनना मोकळेपणाने विचारा.

घरी काय करावे?

- हात छातीपेक्षा उंच ठेवा, त्याने सूज उतरते.
- सांगितलेला बोटांचा व्यायाम रोज करा. भीतीने हात बांधून ठेवल्यास बोटे आखडतात.
- तंबाखू आणि बिडी बंद ठेवा, त्यांनी हाड जुळायला उशीर होतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा.
- मार लागताच अंगठी, बांगड्या काढा. जखमेत हळद भरू नका, घट्ट बांधून घेऊ नका.
- डिस्चार्ज कार्ड आणि प्लेटची माहिती असलेले स्टिकर जपून ठेवा.

ताबडतोब दाखवा: बोटे निळी, थंड किंवा बधिर पडणे, वेदना वाढत जाणे, पू किंवा ताप येणे, अचानक 'कट्' आवाज होऊन हात वाकडा दिसणे.

एका हंगामाची मजुरी बुडणे किती जड जाते, हे मला ठाऊक आहे. पण हात आखडला किंवा प्लेट तुटली तर पुढचे अनेक हंगाम जातात. घरच्यांनी हे तीन महिने ओझे वाटून घ्यावे. रुग्णासाठी तेवढी मदत औषधाइतकीच महत्त्वाची आहे.