उंदरांनी दिलेला कौल

दिवस गेलेत की नाही, हे एकेकाळी उंदीर सांगत. १९२७च्या सुमारास बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक स्त्रीची लघवी वयात न आलेल्या उंदीर-माद्यांना टोचत आणि चार-पाच दिवसांनी त्यांचे बीजकोश तपासत. ते फुगलेले दिसले की गर्भ आहे! पुढे काही पुरुषांच्या लघवीनेही तोच कौल दिला. त्यांना वृषणाचा कर्करोग होता. मला या कथेतली खरी गंमत इथेच वाटते: उंदीर चुकले नव्हते. वारेत तयार होणारे संप्रेरक, आजचे एचसीजी, त्या गाठीतही तयार होत होते.

ते रक्तात नेमके मोजणे मात्र अवघड, कारण त्याचा एक भाग पिट्यूटरीच्या एलएचसारखाच असतो. १९७२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ज्युडिथ वैतुकैतिस, ग्लेन ब्रॉनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी वेगळ्या असलेल्या बीटा भागावर चाचणी बेतली. मग फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांतही ते सापडू लागले. निरोगी पेशीत गप्प असलेली जनुके गाठीत जागी होतात. अशा पुरुषाचे स्तन वाढू शकतात. तो लाजेने सदरा सैल घालतो, आणि एक्स-रे राहून जातो. बाईच्या बाबतीत डॉक्टर गर्भ शोधत बसतात. सोनोग्राफीत तो दिसतच नाही.

बहुतेक फुप्फुसाच्या गाठी हे संप्रेरक सोडत नाहीत, त्यामुळे निदान तुकडा काढूनच होते. ज्यांच्यात ते वाढलेले असते, त्यांच्या बाबतीत उपचारानंतर आकडा उतरतो का, एवढे डॉक्टर पाहू शकतात.