दीर्घिकांचा वायू कोठे जातो? खोडदने दिलेले उत्तर

हायड्रोजन वायू संपला की दीर्घिकेत नवे तारे जन्मत नाहीत. मोठ्या, दाट दीर्घिकासमूहांतील अनेक सदस्यांत हा वायू कमी का, याचे उत्तर दीर्घकाळ तेथील तप्त माध्यमाच्या रेट्यात शोधले गेले. दुसरी शक्यता गुरुत्वाकर्षणाची होती: जवळून जाणाऱ्या दीर्घिका एकमेकींना ताणतात आणि त्यांना पूल व शेपट्या फुटतात, हे तूम्रे बंधूंनी १९७२ मध्ये संगणकाने दाखवले होते.

या शक्यतेची एक कसोटी पुणे जिल्ह्यात लागली. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली खोडद परिसरात उभारलेल्या जीएमआरटीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी टिपू शकतात. अमितेश ओमर व के. एस. द्वारकानाथ यांनी तेथून एरिडॅनस हा दीर्घिकांचा विरळ गट अभ्यासला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, गटातील गर्दीच्या भागात काही दीर्घिकांमधील हायड्रोजन अपेक्षेच्या निम्म्या ते एकतृतीयांशावर आला होता. तप्त माध्यमाचा रेटा तेथे दुबळा. मंद वेगामुळे दीर्घिकांच्या भेटी मात्र दीर्घकाळ चालतात. म्हणजे मोठ्या समूहात शिरण्यापूर्वी, लहान गटातच दीर्घिका आपला बराच वायू गमावून बसत असाव्यात.