सहा जणांनी उचलायचा पूल

दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन साधारण २६० किलो. या पोलादी पॅनेलचं माप ठरवताना डोनाल्ड बेलीच्या डोळ्यांपुढे नदी नव्हती. होते ते तीन टनी लष्करी ट्रक आणि सहा सैनिक. पॅनेल ट्रकमध्ये मावलं पाहिजे आणि क्रेनशिवाय सहा जणांना उचलता आलं पाहिजे, या दोन अटी पाळल्या की नदी कितीही रुंद असो, पॅनेलला पॅनेल जोडत जायचं. आज दरड कोसळून रस्ता तुटला की ‘लष्कराने बेली पूल उभारला’ ही बातमी दोन-तीन दिवसांत हमखास येते. तिच्या मुळाशी आहे ते हे वाहतुकीचं गणित.

बेलीचा जन्म १९०१चा, इंग्लंडमधल्या रॉदरहॅमचा. तो ब्रिटिश युद्धखात्यात नोकरीला होता. क्राइस्टचर्च इथल्या पुलांच्या प्रयोगकेंद्रात त्याचं टेबल. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा रणगाडे वर्षागणिक जड होत चालले होते. केंब्रिजचे प्राध्यापक चार्ल्स इंग्लिस यांचा नळ्यांचा पूल पहिल्या महायुद्धापासून सैन्याकडे होता, पण त्याची सुधारित आवृत्तीही चाचणीत कमी पडली. त्या चाचणीहून परतताना बेलीने एका लिफाफ्याच्या पाठीवर नव्या पुलाचं चित्र काढलं, असं सांगतात. शोधांच्या गोष्टीत ऐन वेळी एखादा लिफाफा कसा कोण जाणे हाताशी असतोच! १९४१मध्ये चाचण्या होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस पूल सैन्याच्या हाती पडू लागला, आणि नोव्हेंबर १९४२मध्ये ट्युनिशियात तो पहिल्यांदा लढाईत वापरला गेला.

मात्र बाप एकच, असं या कुळात नाही. आर्चिबाल्ड हॅमिल्टन हा न्यूझीलंडचा अभियंता. इराकी कुर्दिस्तानातल्या खोल घळींमधून त्याने रवांदूझचा रस्ता काढला होता. यंत्रं पोचत नाहीत अशा जागी पूल न्यायचा तर तो सुट्या, सारख्या तुकड्यांचाच हवा, हे त्याला तिथे उमगलं आणि त्यातून कॅलेंडर-हॅमिल्टन पूल निघाला. बेलीच्या पुलात आपली कल्पना आहे, असा दावा त्याने पुढे लावून धरला. १९५४मध्ये शोधकांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी आयोगाने त्याला दहा हजार पौंड दिले. लष्करी अधिकारी गिफर्ड मार्टेल यांचंही म्हणणं असंच होतं. बेलीला बारा हजार पौंड मिळाले, १९४६मध्ये ‘सर’ किताब मिळाला आणि पुलाला नावही त्याचंच राहिलं. मला विचाराल तर सुट्या तुकड्यांची कल्पना जुनीच होती. बेलीचं श्रेय आहे ते तुकडा केवढा असावा हे ठरवण्यात, आणि जोडणी एका पिनेवर आणण्यात. जागेवर ना मोजमाप, ना वेल्डिंग. भोकाला भोक लावायचं, पिन ठोकायची, पुढे जायचं. मग कधी पूल न बनवलेल्या कारखान्यांनाही पॅनेल बनवता येऊ लागली, कारण कुठल्याही कारखान्याचं पॅनेल दुसऱ्या कुठल्याही कारखान्याच्या पॅनेलला बसत होतं. भार जास्त असेल तर दोन्ही बाजूंना पॅनेलच्या दोन किंवा तीन रांगा लावायच्या, तेवढ्यानेही भागलं नाही तर वर दुसरा मजला चढवायचा.

खरी गंमत पूल पलीकडे ढकलण्यात आहे. पूर आला, डोंगर खचला की पलीकडचा काठ तुटलेला असतो. तिथे ना यंत्र, ना सामान. बेली पूल आपल्याच काठावर रोलरांवर जोडला जातो. त्याच्या पुढे पाटा, म्हणजे वाहनं जायचा पृष्ठभाग, नसलेला हलका सांगाडा लावतात, त्याला नोज, म्हणजे नाक म्हणतात. माणसं मागून ढकलतात, नाक नदीवर अधांतरी पुढे सरकतं. वजनाचा मध्य रोलरांच्या मागे आहे तोवर पूल पुढे कलंडत नाही, म्हणून मागे जोडत जायचं आणि पुढे सारत जायचं. नाक पलीकडच्या रोलरांवर टेकलं की पूल पूर्ण सरकवून नाक सोडवतात, जॅक लावून पूल बैठकीवर उतरवतात आणि पाटा अंथरतात. पलीकडे मोजकी माणसं उतरली की पुरे.

हे तंत्र भारतीय सॅपरांच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, हातात युद्धातच आलं. डिसेंबर १९४४मध्ये ब्रह्मदेशात कलेवाजवळ चिंदविन नदीवर चौदाव्या आर्मीने १,१५४ फुटांचा तरंगता बेली पूल टाकला, तेव्हाचा जगातला सर्वांत लांब. युद्ध संपल्यावर उरलेली पॅनेल जगभर पांगली. आपल्याकडे कोलकात्याची गार्डन रीच ही जहाजं बांधणारी सरकारी कंपनी याच जातीचे पूल बनवते.

३० जुलै २०२४च्या पहाटे केरळातल्या वायनाडमध्ये डोंगर खाली आला. चुरलमला आणि मुंडक्कई यांना जोडणारा काँक्रीटचा पूल वाहून गेला. शोधासाठी लागणारी जड यंत्रं अलीकडच्या काठावरच अडकली. लष्कराच्या बेंगळुरूमधल्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने ३१ जुलैच्या रात्री नऊला काम सुरू केलं आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी साडेपाचला १९० फुटांचा, २४ टन भार पेलणारा पूल उभा केला. या तुकडीत मेजर सीता शेळके होत्या, पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. पुलावर उभ्या असलेल्या त्यांच्या छायाचित्राने महाराष्ट्राला अभिमान वाटला, तो रास्तच. पण त्या चौकटीत न मावलेली अर्धी लढाई रस्त्यावर चालली होती. पुलाचे भाग दिल्लीहून विमानाने कण्णूरला उतरले, तिथून ट्रकांनी घाट चढले. काही बेंगळुरूहून रस्त्याने आले. जोडणीच्या जागी राडारोडा, पाऊस, ट्रक वळवायलाही जागा नाही. अशा ठिकाणी आधी रोलर आणि बैठका लागतात, मग पॅनेल, पाट्याच्या फळ्या सर्वांत शेवटी. फळ्यांचा ट्रक पुढे आला तर त्याच्यामागे सगळीच रांग खोळंबते. सामान कुठल्या क्रमाने भरायचं हे दूरच्या डेपोत ठरतं आणि पूल किती तासांत होणार हेही बरंचसं तिथेच ठरतं.

लष्कराला हाक केवळ डोंगरातूनच येते असं नाही. मुंबईत २०१७च्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावरच्या चेंगराचेंगरीनंतर तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पादचारी पूल बांधायलाही लष्करालाच बोलावलं गेलं. ती आपत्ती निसर्गाची नव्हती, आणि हे काम लष्कराचं का, हा तेव्हा विचारलेला प्रश्न मला आजही योग्य वाटतो.

बेली पूल तात्पुरता समजायचा, पक्का पूल झाला की सोडवून भांडारात परत न्यायचा, असा मूळ हिशेब. डोंगराळ भागात तो अनेकदा वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि त्याच्या दाराशी लावलेला भारक्षमतेचा फलक कोणी वाचत नाही. जून २०२०मध्ये उत्तराखंडात मुन्सियारी-मिलम मार्गावर खोदाईचं यंत्र घेऊन चाललेला ट्रक असा एक पूल मोडून खाली गेला. वजन क्षमतेपेक्षा खूप जास्त होतं. रस्ता पुढे चीनच्या सीमेकडे जाणारा, म्हणून खोळंबून चालणार नव्हतं. सीमा रस्ते संघटनेने आठवड्याच्या आत तिथे नवा पूल टाकला. तोही बेलीच.