नाव घेण्याची कविता

मराठी काव्याचा इतिहास बहुधा कवींच्या नावांनी सांगितला जातो. परंतु ज्यांनी स्वतःस कधी कवी म्हटले नाही, त्यांच्या रचनेचा प्रवाहही तितकाच प्राचीन आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (इ. स. ११२९) या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. हा काळ ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीचा होय.

ओवी श्रमाशी बांधलेली होती. पीठगिरण्या आल्या, जाते थांबले आणि ओवीचे निमित्तही सरले. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, हे आपले भाग्य. उखाणा मात्र श्रमाशी नव्हे, समारंभाशी जोडलेला असल्याने टिकला.

पतीचे नाव उच्चारू नये, हा दंडक. आणि नाव घेतल्यावाचून उंबरठा ओलांडू द्यायचा नाही, हा नणंदांचा हट्ट. या पेचातून वाट काढते ते यमक. पहिल्या चरणातील चांदीच्या ताटाचा वा तुळशीवृंदावनाचा पुढील नावाशी काही संबंध असावाच, असे नाही. मात्रा कोणी मोजत नाही. यमक हुकले तरी हशा पिकतो आणि साधले तरी पिकतो. अपयशाचे भय नसल्यानेच एरवी लेखणी न धरणारी स्त्री येथे निःसंकोच रचना करते. आता दंडक बराच सैलावला आहे, वरानेही उखाणा घ्यावा असा आग्रह होतो. बंधन गेले तरी खेळ उरला.

महाराष्ट्राबाहेर या खेळास आणखी एक अर्थ येतो. छत्तीसगडशी मराठीचा संबंध अठराव्या शतकातील नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेपासूनचा. पुढे सोव्हिएत साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला; १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या नाना प्रांतांतील कुटुंबे रिसालीसारख्या वस्त्यांत शेजारी झाली. तेथे शाळेची व बाजाराची भाषा हिंदी. अशा ठिकाणी वाढलेल्या मराठी मुलीस मराठीत पत्र लिहिणे कदाचित जड जाईल. परंतु मंगळागौरीला नाव घ्यायचे, तर दोन चरणांपुरती तरी मायबोली स्वतः जुळवावी लागते. यमकासाठी ती आईला शब्द विचारते, आई आजीला. कवितासंग्रहात त्या दोन चरणांना स्थान नसेल. भाषेच्या इतिहासात ते असायला हवे.