स्केटबोर्ड शिकायचाय? आधी पडायला शिका

सुट्टी लागली की बऱ्याच घरांत हल्ली नवा हट्ट सुरू होतो, ‘मला स्केटबोर्ड पाहिजे.’ मोबाईलवर पोरं बोर्ड हवेत गरगरा फिरवताना दिसतात आणि आपल्या पोराला वाटतं, बोर्ड घरी आला की झालं. पण पहिल्या महिन्यात हवेत काहीच उडवायचं नसतं. उभं राहणं, ढकलणं, थांबणं आणि नीट पडणं, एवढ्या चारच गोष्टी शिकायच्या. त्यातली शेवटची सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच राहून जाते.

बेळगावच्या पोरांना रोलर स्केटिंग नवीन नाही. पण ‘स्केटिंग येतं, मग बोर्डही येणारच’ हा हिशेब बरोबर नाही. स्केट्स पायाला बांधलेले असतात, बोर्ड मोकळा असतो. तोल गेला की तो एकीकडे जातो आणि आपण दुसरीकडे!

खेळ आला कुठून?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करणाऱ्या पोरांनी फळीला चाकं लावून रस्त्यावर तोच खेळ सुरू केला. तेव्हा चाकं धातूची किंवा मातीच्या मिश्रणाची असायची. एखादा खडा आला की गाडी जागेवर थांबायची आणि पोरगं पुढे उडायचं. १९७० च्या दशकात युरेथेनची चाकं आली आणि खेळ बदलला. रस्त्यावरची पकड वाढली आणि हादरे कमी झाले.

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदाच आलं. तिथे महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशियानं १३ व्या वर्षी सुवर्णपदक घेतलं. आपल्याकडे २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं महाराष्ट्राला सुवर्ण मिळवून दिलं. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात २०१५ पासून स्केटपार्क आहे. तिथले नियम दोन: शाळेत गेलात तरच बोर्ड मिळेल, आणि पहिला मान मुलींचा. तेव्हा हा खेळ फक्त मोठ्या शहरातल्या श्रीमंतांचा, हा समज सोडायला हरकत नाही.

बोर्ड घेताना काय बघायचं?

बोर्डाचे भाग मोजकेच. वरची लाकडी फळी म्हणजे डेक. चांगला डेक मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेला असतो. खाली धातूचे दोन ट्रक, चार चाकं आणि प्रत्येक चाकात दोन बेअरिंग. डेकवर पाय घसरू नये म्हणून पॉलिश पेपरसारखी खरखरीत ग्रिप टेप लावलेली असते.

खेळण्यांच्या दुकानातला प्लॅस्टिकचा बोर्ड स्वस्त पडतो, पण बहुतेक वेळा तो वळतच नाही. दुकानातच दोन गोष्टी करून बघा. चाक बोटानं फिरवा. ते खडखड न करता बराच वेळ फिरलं पाहिजे. मग बोर्डावर उभं राहून एका बाजूला भार टाका. ट्रक त्या बाजूला झुकला पाहिजे. झुकत नसेल तर ट्रकचा मोठा नट थोडा सैल करून बघा. तरीही ढिम्म असेल तर तो बोर्ड घेऊ नका. आणखी एक, दोनच चाकांचा, मध्ये पिळ बसणारा वेव्हबोर्ड ही वेगळीच वस्तू आहे. त्यावर शिकलेलं इथे फारसं उपयोगी पडत नाही.

मोठ्या मुलांना आणि प्रौढांना साधारण आठ इंच रुंदीचा डेक चालतो, लहानांना त्याहून अरुंद. चाकाच्या कडकपणाचा आकडा चाकावरच छापलेला असतो. ९९ए म्हणजे कडक, गुळगुळीत काँक्रीटसाठी. ७८ए ते ८७ए म्हणजे मऊ. आपल्या खडबडीत रस्त्यांवर नवशिक्यांना मऊच बरी. बेअरिंग ६०८ मापाचं असतं आणि इनलाइन स्केट्समध्येही सहसा तेच वापरतात. म्हणून ते खराब झालं तर स्केटिंगच्या दुकानात चौकशी करा.

पैसे आधी हेल्मेटवर

बजेट कमी असेल तर क्रम असा लावा: हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघ्या-कोपराचे पॅड, मग बोर्ड. हेल्मेट स्केटिंगसाठीचं, डोक्याचा मागचा भागही झाकणारं हवं, कारण बोर्ड पुढे सटकला की माणूस मागे पडतो. ते कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर सरळ बसलं पाहिजे. बूट सपाट रबरी तळव्याचे घ्या. चपला घालून बोर्डावर चढू नका.

पडायचं कसं? तोल जातोय असं वाटलं की गुडघे वाकवून खाली बसायचं, म्हणजे पडण्याची उंची कमी होते. हात ताठ करून तळवा टेकायचा नाही. मनगट मोडतं ते याच सवयीनं. हात छातीजवळ घेऊन खांद्यावरून लोळायचं. घरी गादीवर किंवा मैदानात गवतावर आठवडाभर हाच सराव करा.

पाच वर्षांखालच्या मुलांना बोर्ड देऊ नये आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांजवळ मोठं माणूस हवंच, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे.

पहिले काही दिवस

आधी पुढचा पाय कुठला ते ठरवा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरून बघा. जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. डावा पुढे असेल तर ‘रेग्युलर’, उजवा असेल तर ‘गूफी’. दोन्ही बरोबरच.

मग बोर्ड गवतावर ठेवून नुसतं उभं राहा. गुडघे थोडे वाकलेले, नजर पायांकडे नाही, समोर. हे जमलं की काँक्रीटवर या. पुढचा पाय पुढच्या बोल्टांजवळ ठेवा आणि मागच्या पायानं जमीन ढकला. वेग आला की तो पाय मागच्या बोल्टांवर आणा आणि दोन्ही पावलं आडवी करा. वळायचं असेल तर टाचेवर किंवा बोटांवर भार टाका. थांबताना मागचा पाय हळूच जमिनीवर घासा. थांबता येत नाही तोवर उताराचं नावही काढू नका.

जागा आणि पाऊस

स्केटपार्क जवळ नसला तरी अडत नाही. परवानगी घेऊन शाळेचं बास्केटबॉल कोर्ट किंवा रिकाम्या मंगल कार्यालयाचं पार्किंग चालतं. सुरू करण्याआधी झाडून घ्या, कारण एवढासा खडाही चाक अडवतो. वाहता रस्ता मात्र नकोच. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर चाकं घसरतात, बेअरिंग गंजतात आणि डेकचे थर सुटतात. बेळगाव-खानापूर आणि गोव्याकडच्या पावसात बोर्ड घरातच कोरडा ठेवलेला बरा.

बाकी ऑली वगैरे उड्या नंतर सावकाश येतातच. पोरगं आपणहून थांबू शकतं आणि पडल्यावर मनगट न धरता उठून उभं राहतं, एवढं दिसलं की पहिला टप्पा पार पडला असं समजा.